इम्पालाचा चार-बॅरल कार्बोरेटर: खाली ठसका, चिखलदऱ्यावर ठीक, असं का?

प्रश्न असा आला आहे. दारव्ह्याकडच्या एका भाऊंकडे आजोबांची १९६४ ची शेवरले इम्पाला आहे. इंजिन ३२७ घनइंचाचं व्ही-८, गिअरबॉक्स दोन गिअरची पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. मूळचा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारं यंत्र) कधीच गेला, त्याजागी एडेलब्रॉकचा १४०६ बसवला आहे, म्हणजे ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा), चार बॅरलचा म्हणजे हवेला चार घसे असलेला, इलेक्ट्रिक चोकवाला. मे महिन्यात प्लग काळे निघाले, म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, म्हणून शहरातल्या एका मेकॅनिकने आतले मीटरिंग रॉड (पेट्रोलची वाट अरुंद करणाऱ्या सळया) जाडे टाकले आणि त्याच दिवशी चोकची पाती (थंड गाडी सुरू होताना हवा अडवणारी) तारेने उघडी बांधून दिली. महिनाभर गाडी बरी चालली. आता कापूस घरात यायला लागला आणि सकाळी पाय दिला की ठसका, कधी कार्बोरेटरच्या तोंडातून फटाका. गंमत म्हणजे परवा चिखलदऱ्याला नेली तर वर गाडी मख्खन, परतवाड्याला उतरली की पुन्हा तेच रडगाणं. उन्हाळ्यात गरम गाडी बंद केली की तासभर लागत नव्हती, ती तक्रार वेगळी. विचारणं एवढंच की जेट (पेट्रोल जायची भोकं) बदलू, की साडेसातशेचा मोठा कार्बोरेटर मागवू?

भाऊ, सगळ्यात आधी एक काम करा. गाडी ज्या शेडमध्ये आहे तिथे कापसाची गंजी असेल तर गाडी बाहेर काढा. कार्बोरेटरमधून फटाका म्हणजे जाळ उलटा वर येतो. एअर फिल्टर काढून झाकण उघडं ठेवून रेस देत बसलात आणि बाजूला वेचणीचा कापूस असला, तर पुढचं मी सांगायला नको. फिल्टरचं भांडं लावूनच गाडी चालू करा आणि जवळ वाळूची बादली ठेवा. पाण्याची नव्हे.

आता मोठ्या कार्बोरेटरचं. नको. ३२७ घनइंचाचं इंजिन ५००० फेऱ्यांवर किती हवा ओढेल याचा हिशेब सोपा आहे: ३२७ गुणिले ५०००, भागिले ३४५६. येतात ४७३ सीएफएम, तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. आपल्या जुन्या इंजिनचे ८५ टक्के भरतात असं धरा, म्हणजे ४०० च्या आसपास. ६०० च तुम्हाला मोठा आहे. ७५० लावलात तर खालच्या फेऱ्यांवर घशातून हवा रेंगाळत जाईल, पेट्रोल नीट ओढलं जाणार नाही आणि ठसका वाढेल.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची गोष्ट चिखलदरा आहे. ते गाव अकराशे मीटरच्या वर. खाली अमरावती साडेतीनशेच्याही आत. वर हवा सात-आठ टक्के विरळ होते. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही, त्याला घशातला ओढा कळतो. हवा विरळ झाली की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण आपोआप थोडं वाढतं, साधारण चार टक्क्यांनी. जी गाडी वर गेल्यावर सुधारते तिला खाली पेट्रोल कमी पडतंय. गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झालेली, असती तर वर जाऊन आणखी बिघडली असती, काळा धूर टाकत चढली असती. तुम्ही नकळत गाडीची परीक्षा घेतली आहे आणि तिने उत्तर दिलं आहे: मी लीन आहे, म्हणजे मला पेट्रोल कमी पडतंय.

मग मे महिन्यात प्लग काळे कशाने होते? इथेच चूक झाली. माझा पैज लावण्याइतका संशय चोकवर आहे. इलेक्ट्रिक चोकमध्ये एक स्प्रिंग असते, करंट मिळाला की ती तापते आणि पाती हळूहळू उघडते. तिला पूर्ण १२ व्होल्ट हवेत, चावी चालू असताना. पण तुमच्या गाडीत पॉइंटवालं (ठिणगीचा करंट उघड-मीट करणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन आहे, त्यात कॉइलकडे जाणाऱ्या वायरमध्येच रेझिस्टन्स टाकलेला असतो, पॉइंट जळू नयेत म्हणून. म्हणजे गाडी चालू असताना कॉइलच्या प्लसवर १२ व्होल्ट नसतातच. आणि नवा कार्बोरेटर बसवणारे दहातले आठ जण चोकची वायर तिथेच जोडतात, कारण तीच हाताशी असते. चोक अर्धवट तापतो, पाती अर्धी मिटलेली राहते आणि गाडी दिवसभर रिच चालते. उन्हाळा असो की हिवाळा, प्लग काळे.

त्या मेकॅनिकने पाती उघडी बांधली तेव्हाच आजार गेला होता. पण त्याच हाताने त्याने जाडे रॉडही टाकले, आणि गाडी सुधारली ती कशाने हे कुणालाच कळलं नाही. मी त्याला नावं ठेवत नाही, मी स्वतः हे केलेलं आहे. नव्वदच्या दशकात माझ्याकडे पहिल्यांदा चार-बॅरलची गाडी आली, तोवर जीप आणि ॲम्बॅसिडर यांच्यापलीकडे हात गेला नव्हता. आठ दिवस मी जेट काढ-घाल केले. मालकाचा माणूस रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, ‘काऊन, झाली का हे गाडी?’ शेवटी निघालं काय, तर पाच आणि सात नंबरच्या प्लगच्या वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेलेल्या होत्या. या इंजिनचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. पाचनंतर लगेच सात, आणि दोघे शेजारी-शेजारी. एकीचा करंट दुसरीत उडी मारायचा. आठ दिवसांची जेटची विद्या पाण्यात. तेव्हापासून दोन बदल एकत्र करायचे नाहीत आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा, ही सवय लागली.

तर इलाज म्हणजे रॉड परत मूळचे टाकणं. या कार्बोरेटरची ही सोय फार चांगली आहे: वरचं झाकण काढायची गरज नाही. वर दोन छोट्या पट्ट्या दिसतील, एकेका स्क्रूने बसवलेल्या. स्क्रू ढिला केला की खालून स्प्रिंगच्या जोरावर पिस्टन आणि त्याला लटकलेला रॉड वर येतो. पण आधी घशावर स्वच्छ कापड टाका, स्क्रू आत पडला तर इंजिन उघडायची पाळी येते. रॉड कॅलिपरने मोजा. १४०६ कंपनीतून निघतो तेव्हा पुढचे जेट ०.०९८ इंचाचे, मागचे ०.०९५ चे, रॉडची जाडी वर ०.०७५ आणि खालचं टोक ०.०४७. जेटच्या भोकातून रॉड खाली-वर होतो आणि त्यांच्यामधल्या फटीतून पेट्रोल जातं. आरामात चालवताना रॉडचा जाड भाग जेटमध्ये असतो. पाय दाबला की व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाचा ओढा, पडतो, स्प्रिंग रॉड उचलते, बारीक टोक जेटमध्ये येतं आणि पेट्रोल वाढतं. मूळचे रॉड त्या मेकॅनिकने दिले नसतील तर त्याच्याकडून मागून आणा. फेकले असतील तर मागवावे लागतील, अंदाजाने घासून बारीक करू नका. फट किती नाजूक असते बघा: ०.०७५ चा रॉड फक्त दोन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारीक केला की फटीचं क्षेत्रफळ सात टक्क्यांच्या वर वाढतं. कानसेच्या एका हाताचं हे काम नव्हे.

पण नुसते मूळचे रॉड टाकून आपल्याकडे हिवाळ्यात भागेलच असं नाही, आणि याचं कारण पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉल आपला ऑक्सिजन सोबत घेऊन येतं, त्याला हवा कमी लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. अमेरिकेत पंपावर बहुतेक १० टक्के इथेनॉल असतं, त्याचं प्रमाण १४.१. आपल्याकडे आता २० टक्के झालं, त्याचं १३.५ च्या आसपास. तिथल्या पेट्रोलवर बरोबर चालणारा कार्बोरेटर इथे चार-पाच टक्के लीन निघतो. त्यात आपली हवा. मे महिन्यात ४५ अंशांत हवा पातळ होते, मिश्रण तीनेक टक्के रिच होतं आणि इथेनॉलची तूट बरीचशी भरून निघते. डिसेंबरात सकाळी १० अंशांत हवा दाट, मिश्रण आणखी लीन. म्हणून तुमची गाडी उन्हाळ्यात तग धरते आणि हरभऱ्याच्या दिवसांत ठसकते. दोन थाउ बारीक रॉड हा मी आपल्या भागात हिवाळ्याकरता ठेवलेला अंदाज आहे, पण तो लावायचा मूळ रॉडवर गाडी चालवून बघितल्यानंतरच.

रॉडला हात लावण्याआधी तीन गोष्टी मात्र बघाव्याच लागतील, नाहीतर पुन्हा तीच माझी आठ दिवसांची कथा.

इग्निशन. पॉइंटचा ड्वेल (मिटून राहण्याचा कोन) ३० अंश, प्लगची गॅप ०.०३५ इंच, वायरी सुट्या-सुट्या, पाच-सात एकमेकींना ओलांडून. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या (ओढ्याप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या) डब्याची नळी तोंडाने ओढून बघा, आतली पट्टी सरकायला हवी आणि जीभ लावून धरली की दम टिकायला हवा. डायफ्राम फाटलेला असतो आणि लोक कार्बोरेटर बदलतात.

दुसरं, हवा घेणं. ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारी) नळी, कार्बोरेटरखालचं गॅस्केट, मॅनिफोल्डची (मिश्रण सिलिंडरांना वाटणाऱ्या बिडाची) कड. साध्या बाटलीच्या स्प्रेने एकेका जागी पाणी मारा. जिथे पाणी लागल्याबरोबर इंजिनचा आवाज बदलला तिथे गळती. घरातला फवारणीचा पंप यासाठी वापरू नका, त्यात औषध उरलेलं असतं आणि तुमचं तोंड बॉनेटमध्ये असतं. काही लोक पाण्याऐवजी पेट्रोल मारतात, गरम एक्झॉस्टवर. त्यांच्या धाडसाला नमस्कार.

तिसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ठसक्याचं मूळ फार वेळा तिथे असतं आणि बघतं कुणी नाही. थ्रॉटलच्या पातीजवळ, घशाच्या भिंतीत एक उभी चीर असते, ट्रान्स्फर स्लॉट. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं फिरत असताना, पातीच्या खाली तिचा थोडासाच भाग दिसायला हवा, रुंदीइतकीच उंची, म्हणजे चौकोनी ठिपक्यासारखा. पाती उघडायला लागली की उरलेली चीर हळूहळू व्हॅक्यूमखाली येते आणि मुख्य जेट सुरू होईपर्यंतची मधली दरी भरून काढते. आता टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे असेल किंवा इंजिन कुठून हवा घेत असेल, तर आयडल पडतं. मग आपण काय करतो? आयडलचा स्क्रू पिळतो. पाती आधीच उघडी, चीर आधीच पूर्ण खुली. आयडल मिळालं, पण पाय दिल्यावर द्यायला शिल्लक काही नाही. दरी पडली आणि ठसका आला. खूण अशी की मिक्श्चरचे (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारे) स्क्रू पूर्ण आत पिळले तरी इंजिन बंद पडत नाही. तसं असेल तर कार्बोरेटर काढा, उलटा करा, चीर बघा. आयडलचा स्क्रू मागे घेऊन चौकोन करा आणि मग टायमिंग पुढे घेऊन आयडल मिळवा. एवढ्यानेच अर्धा ठसका गेलेला मी कितीदा पाहिला आहे.

मग आयडल लावायचं. इंजिन पूर्ण गरम, चाकांना दगड, हँडब्रेक, एक माणूस ब्रेकवर, गिअर ड्राइव्हमध्ये, कारण गाडी सिग्नलला त्याच अवस्थेत उभी राहणार. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडा. हे चार-पाचशे रुपयांचं यंत्र तुमच्या मेकॅनिकच्या कानापेक्षा भरवशाचं आहे, माझ्याही. दोन्ही मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, दाबू नका, आणि दीड-दीड फेरी बाहेर काढा. एकेक पाव फेरी, दोन्ही सारखेच फिरवत, काटा सगळ्यात वर जाईल ती जागा शोधा. फेऱ्या वाढल्या तर आयडल कमी करा आणि पुन्हा शोधा. शेवटी दोन्ही किंचित बाहेर, आपलं पेट्रोल लक्षात घेऊन. धडधाकट ३२७ ला १६ ते १८ इंच (पाऱ्याचे) मिळायला हवेत. काटा थरथरत असेल तर तो व्हॉल्व्हचा विषय, तिथे कार्बोरेटरचा पेचकस खाली ठेवा.

गेजवर जो आकडा येईल त्याच्या निम्म्याच्या जवळची, रॉड उचलणारी स्टेप-अप स्प्रिंग घ्या. कंपनीतून नारंगी येते, ती ५ इंचांवर रॉड उचलते. गुलाबी ७ वर, साधी रंग नसलेली ८ वर. तुम्हाला १६ मिळाले तर नारंगी उशिरा उचलेल, साधी लावून बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि पाय अर्धा दिल्यावरचा अडखळा बहुधा इथेच सुटतो.

कार्बोरेटरच्या आतल्या पंपाचा, म्हणजे पाय देताच जादा पेट्रोल मारणाऱ्या पंपाचा, फवारा तेवढा बघून घ्या. इंजिन बंद, घशात डोकावून थ्रॉटल हाताने हलवा. हलवल्या क्षणी दोन सरळ धारा पडल्या पाहिजेत. धार उशिरा येत असेल तर पंपाचं रबर गेलं आहे, इथेनॉल ते कडक करून टाकतं. धारा चांगल्या असून पाय झटकन दिल्यावरच ठसका राहिला तर पंपाच्या दांडीची कडी आसाजवळच्या भोकात टाका, फवारा मोठा होतो.

चोकची तार सोडा, फ्यूज बॉक्समधून चावीवर चालणारे पूर्ण १२ व्होल्ट आणून द्या, अर्थिंग नीट करा. पाच-सात मिनिटांत पाती उभी व्हायला हवी. बऱ्याच चार-बॅरलमध्ये चोक मिटलेला असेपर्यंत मागची दोन बॅरल अडवणारी खीळ असते, तुमच्यात ती असेल तर तीही सुटते की नाही पाहा. आणि इंजिन बंद करून कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि वरून बघा, मागच्या पात्या पूर्ण उभ्या होतात का. एका गाडीत जाड गालिच्यामुळे पेडल पाऊणच दबत होतं. मालक वर्षभर चार बॅरलचं पेट्रोल मोजत अडीच बॅरलवर फिरत होते.

उन्हाळ्याची तक्रार. गाडी चालू असते तोवर पंखा आणि वाहतं पेट्रोल कार्बोरेटरला गार ठेवतात. बंद केली की खालच्या बिडाच्या मॅनिफोल्डची सगळी ऊब वर चढते. पेट्रोलचे हलके अंश चाळिशीतच उकळायला लागतात, बाहेरच तेवढं तापमान. बाउलमधलं (कार्बोरेटरच्या आतल्या वाटीतलं) पेट्रोल उकळून घशात सांडतं आणि इंजिन बुडतं. अशा वेळी पेडल पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पंप करू नका, प्रत्येक पंपाला आणखी फवारा आत जातो. कायमचा इलाज म्हणजे कार्बोरेटरखाली अर्ध्या इंचाचा, ऊब अडवणारा फिनॉलिक स्पेसर, पण आधी बॉनेट बंद होतं का ते मोजा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून हातभर लांब. आणि उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक हीट रायझर व्हॉल्व्ह असतो, थंड देशात इंजिन लवकर तापावं म्हणून. साठ वर्षांत तो गंजून मिटून बसतो आणि सगळी गरम हवा कार्बोरेटरच्या बुडाखालून फिरवतो. हाताने फिरतो का बघा. नसेल तर सोडवून उघडा बांधून टाका, यवतमाळ जिल्ह्यात त्याचं काही काम नाही. ओलं फडकं बांधायचंच तर इंजिनाच्या पेट्रोल पंपावर बांधा, तापलेल्या बिडावर नको.

फ्लोट (बाउलमधली पातळी राखणारा तरंगता डबा) एकदा मोजा: झाकण उलटं धरून गॅस्केटपासून ७/१६ इंच, लटकून १५/१६ ते एक इंच. पेट्रोलचा दाब साडेपाच पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास. कुणी इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप सुचवला तर हात जोडा, त्याचा दाब सात-आठ पट असतो, फ्लोटने मिटणारी नीडल तो थोपवूच शकत नाही.

पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि बाउल रिकामे करा. हे पेट्रोल ओल पितं, आणि बाउलच्या तळाशी जी पांढरी भुकटी सापडते ती त्याचीच. जुने रबरी पाइप बदलून इंजेक्शनच्या गाड्यांचा इथेनॉल सहन करणारा पाइप टाका. आणि जिनिंगच्या रस्त्याने रोज येणं-जाणं असेल तर एअर फिल्टर दर पंधरवड्याला झटका, रुईचा थर बसला की इंजिनचा दम कोंडतो. ॲव्हरेजचं म्हणाल तर, लिटरला पाच-सहाच्या वर अपेक्षा ठेवू नका.

जाडे रॉड डबीत चिठ्ठी घालून ठेवा. मूळ रॉड टाकून, त्या वेळी बाकी कशालाही हात न लावता, सकाळी थंड असताना आणि दुपारी गरम असताना दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर एकेकदा चालवा. मग मला कळवा: ड्राइव्हमध्ये व्हॅक्यूम किती, मिक्श्चर स्क्रू किती फेऱ्या बाहेर आहेत, आणि ठसका पाय हळू देताना येतो की झटकन देताना.